समुद्रावरचा बर्फ, जमिनीवरचा बर्फ



पृथ्वीच्या गोलावर वर आणि खाली असे दोन पांढरे ठिपके आपण शाळेपासून पाहत आलो. दिसायला सारखे, म्हणून आपल्या मनातही ते सारखेच राहिले. मुलांच्या चित्रांत पांढरे अस्वल आणि पेंग्विन एकाच हिमनगावर उभे असतात. खऱ्या जगात त्यांची गाठ पडत नाही. अस्वल उत्तरेचे, पेंग्विन दक्षिणेचा. असे का, याचे उत्तर एका वाक्यात आहे: उत्तर ध्रुव समुद्रात आहे आणि दक्षिण ध्रुव जमिनीवर.

उत्तर ध्रुवावर पायाखाली जेमतेम दोन-तीन मीटर जाडीचा तरंगता बर्फ असतो आणि त्याखाली चार किलोमीटरांहून खोल पाणी. या आर्क्टिक महासागराला युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेने वेढले आहे. दक्षिण ध्रुवावर सुमारे २,७०० मीटर बर्फ, मग खडक. भोवती भारताच्या चौपटीहून मोठा अंटार्क्टिका खंड, आणि खंडाभोवती सगळीकडे महासागर.

सूर्य दोन्हीकडे सारखाच वागतो. ध्रुवावर तो वर्षातून एकदा उगवतो, एकदा मावळतो आणि साडेतेवीस अंशांहून वर कधी चढत नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या आर्क्टिकविषयीच्या ग्रंथात वेदांतल्या लांबलेल्या उषेचा अर्थ लावताना याचाच आधार घेतला होता. आर्यांच्या मूलस्थानाबद्दलचा त्यांचा निष्कर्ष आजच्या पुराव्यांपुढे टिकत नाही. पण दिवसचे दिवस क्षितिजाच्या कडेने फिरत राहणारी ती पहाट अगदी खरी आहे.

सूर्य सारखा असला तरी थंडी सारखी नाही. उत्तरेला बर्फाखालचे पाणी उणे दोन अंशांच्याही खाली जात नाही, आणि त्याची ऊब वर झिरपत राहते. म्हणून तिथला हिवाळा उणे तिसाच्या आसपास, तर उन्हाळा शून्याच्या जवळ. दक्षिण ध्रुव समुद्रसपाटीपासून २,८०० मीटरांहून उंच, समुद्र दूर, आणि खंडाभोवती अखंड फिरणारा सागरी प्रवाह उष्ण पाण्याला जवळ येऊ देत नाही. तिथले वर्षाचे सरासरी तापमानच उणे ४९ अंश. व्होस्तोक या रशियन केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंशांची नोंद झाली. जमिनीवरच्या केंद्रात याहून कमी तापमान आजवर मोजले गेलेले नाही.

अंटार्क्टिकाचा अंतर्भाग खरे तर वाळवंट आहे. हिम पडते ते अगदी थोडे. पण पडलेले वितळत नाही, थरावर थर साचत जातो. त्या थरांत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून आठ लाख वर्षांपूर्वीची हवा आपल्या हाती आली आहे. या एवढ्या काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड कधीही आजच्याइतका नव्हता. विज्ञानाने मिळवलेल्या पुराव्यांत याच्याइतका विलक्षण पुरावा मला दुसरा माहीत नाही.

सजीवांच्या बाबतीतही दोन ध्रुवांत असाच फरक आहे. उत्तरेकडे जमिनीवरून चालत रेनडिअर आले, माणसे आली. इनुइट, सामी, नेनेट्स पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदत आहेत. दक्षिणेकडे मूळचा माणूस नाही. तिथल्या जमिनीवर कायम राहणारा सर्वांत मोठा प्राणी म्हणजे काही मिलिमीटर लांबीचा, पंख नसलेला कीटक! पेंग्विन आणि सील पोसले जातात ते समुद्रावर. डिसेंबर १९८१मध्ये डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम याच खंडाकडे निघाली, तीही आपल्या गोव्याहून. आज मैत्री आणि भारती ही आपली केंद्रे तिथे आहेत आणि त्यांचा कारभार वास्कोच्या संशोधन संस्थेतून चालतो.

आता वितळण्याबद्दल. आर्क्टिकवर सप्टेंबरात १९८०च्या सुमारास ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा. अलीकडे ४५ लाखांच्या आसपास उरतो. पांढरा बर्फ ऊन परतवतो, उघडे पडलेले काळे पाणी ते पिऊन घेते. म्हणून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या किमान तिप्पट वेगाने तापतो आहे. मात्र हा बर्फ तरंगताच असल्यामुळे तो वितळून समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. पेल्यातला बर्फ विरघळला म्हणून पाणी काठाबाहेर सांडत नाही, तसेच. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात उतरला की. ग्रीनलंडवर असा सात मीटर पातळी वाढवेल एवढा बर्फ आहे. अंटार्क्टिकावर सुमारे ५८ मीटर. तो सगळा आपल्या हयातीत वितळणार नाही. पण पश्चिम अंटार्क्टिकातल्या, गुजरातएवढ्या थ्वेट्स हिमनदीचा तळ समुद्रसपाटीखाली आहे, आत जाताना आणखी खोल होतो, आणि कोमट पाणी तिला खालून झिजवते आहे. ती एकटी समुद्र अर्ध्या मीटरहून अधिक चढवू शकते.

हे पाणी सगळीकडे सारखे चढणार नाही. बर्फाचा अवाढव्य साठा आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतीचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. साठा घटला की ती ओढ सैल होते; जवळचे पाणी उतरते आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीहून जास्त चढते. अंटार्क्टिकाचा बर्फ घटला की ते दूरचे किनारे उत्तर गोलार्धातले असतात. मुंबई, रत्नागिरी, पणजी त्यांतच येतात.