उंदराचं म्हातारपण, माणसाचं म्हातारपण



अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो मोडून मी आज एकच तक्रार मांडणार आहे. स्नायूंच्या म्हातारपणाबद्दल आपण वर्गात जे शिकवतो, त्यातलं बरंचसं उंदरांचं म्हातारपण आहे.

मज्जातंतूचं टोक स्नायूच्या तंतूला भिडतं ती जागा म्हणजे चेता-स्नायू संधी. म्हाताऱ्या उंदरात ती तुटक होते, काही तंतूंचा मज्जातंतूशी संबंधच सुटतो. हे वारंवार दिसलेलं आहे. त्यावरून आजोबांचे पाय लटपटतात तेही यामुळेच, असं आपण बेधडक सांगून टाकतो. २०१७ साली एडिंबरात रॉस जोन्स, थॉमस गिलिंगवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत कापाव्या लागलेल्या पायांमधले स्नायू तपासले. रुग्ण २०, वयं ३४ ते ९२, संधी २,८६०. वयाबरोबर त्यांची मोडतोड होताना दिसली नाही. आणि घडणच निराळी निघाली: उंदराची संधी जिलेबीच्या वेढ्यांसारखी, माणसाची लहान, सुट्या बुंदीसारखी. म्हणजे जे तुकडे उंदरात वार्धक्याची खूण मानायचे, ते माणसात भर उमेदीतही असतातच.

जाता जाता सांगतो. ही संधी सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसावी म्हणून जे विष वापरतात, ते अल्फा-बंगारोटॉक्सिन १९६३ साली तैवानमध्ये एका पट्टेरी सापाच्या विषातून वेगळं केलं गेलं. तो साप आपल्या मण्यारीचा भाऊबंद. मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या का मिटत जातात, हे आपल्या ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांना वेगळं शिकवावं लागत नाही.

एडिंबराचा निष्कर्ष मी डोळे मिटून स्वीकारत नाही. ते पाय आजारी होते, म्हणूनच कापले गेले. आणि स्नायू तपासले ते पायाचेच. १९९० साली डच संशोधकांनी माणसाच्या बरगड्यांमधल्या स्नायूंत संधीचे वयानुसार बदल नोंदवले होते. श्वासाचा स्नायू आणि चालण्याचा स्नायू एकाच चालीने म्हातारे होतात, असं कुणी ठरवलं?

मग ताकद जाते कुठे? माझा रोख पाठीच्या कण्याकडे आहे. टॉमलिन्सन आणि आयर्विंग यांनी १९७७ साली ४७ मृत व्यक्तींच्या मज्जारज्जूतल्या, पायांना हलवणाऱ्या चेतापेशी मोजल्या. साठीपर्यंत घट दिसेना. साठीनंतर दिसू लागली, पण माणसागणिक फार वेगवेगळी. एक पेशी गेली की तिचे पोरके तंतू शेजारची पेशी नवे फाटे फोडून आपल्याकडे घेते. त्यामुळे बरीच वर्षं बाहेरून काही कळत नाही. पुढे मोजक्या पेशींवर खूप तंतूंचा भार पडतो. शक्ती काही प्रमाणात टिकते, पण ती थोडीथोडी, मोजूनमापून वापरता येत नाही. सगळेच तंतू काही दत्तक जात नाहीत, उरलेले सुकतात. जिना उतरताना आजी कठडा घट्ट धरतात, त्यात यातला किती वाटा आहे हे आपण मोजायला हवं.

त्यासाठी परदेशी ऊतींची वाट पाहायला नको. मधुमेहामुळे पाय कापण्याच्या शस्त्रक्रिया आपल्याकडे काही कमी होत नाहीत, आणि कापलेला भाग पिवळ्या पिशवीतून जाळायला जातो. नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती घेऊन त्यातला स्नायूचा छोटा तुकडा आपण ठेवू शकतो. मात्र मज्जातंतूची टोकं लवकर खराब होतात; म्हणून शल्यविशारदांनी आदल्या दिवशी निरोप द्यावा आणि फिक्सेटिव्हची बाटली घेऊन आपला माणूस थिएटरच्या दाराशी हजर असावा. नोंदवहीत वयासोबत मधुमेहाची वर्षं हवीत, आणि आजारापूर्वी माणूस उकिडवा बसून हाताचा आधार न घेता उठत होता का, हेही हवं. मधुमेह स्वतःच मज्जातंतू बिघडवतो, म्हणून तुलनेला अपघातात पाय गमावलेल्यांचे नमुनेही लागतील. ते थोडे मिळतील, म्हणून एका महाविद्यालयाला हे झेपायचं नाही. आज दुपारच्या सत्रानंतर शल्यचिकित्सा, शरीररचना आणि शरीरक्रिया या तिन्ही विभागांचे प्रमुख माझ्यासोबत बसणार आहेत. ज्यांच्याकडे नमुने गोठवून ठेवायला फ्रीजर आहे, त्यांनी कृपया थांबावं.