कारवारचा पूल आणि आपले पूल
(चार इमली, भोपाळ इथल्या बैठकीत केलेलं भाषण)

बऱ्हाणपूर, मुलताई, पांढुर्ण्याहून तुम्ही आलात. येताना किती पूल ओलांडले, मोजलेत का? कुणीच मोजत नाही. पडला की मग आठवतो.

७ ऑगस्ट २०२४. मध्यरात्री एकच्या सुमारास कारवारला काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. राष्ट्रीय महामार्ग ६६, गोव्याकडे जाणारा. एक ट्रक नदीत गेला, चालकाला वाचवलं. हेच भरदुपारी झालं असतं तर? पुलानं चाळिशी ओलांडली होती. शेजारी नवा पूल उभा होता, तरी जुन्यावरून वाहतूक चालूच होती.

चाळीस म्हणजे काँक्रीटचं काही म्हातारपण नव्हे. पण खाडीचं मीठ आत मुरतं, सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आतून रेटतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. आपल्याकडे समुद्र नाही. पण तुंबलेले पाण्याचे पाइप आणि फाटलेले जॉइंट तेच काम करतात, जरा सावकाश. ताणलेल्या तारांचे पूल तर जास्त फसवे. तार आत तुटते, बाहेरून रंग झकास! गोव्यात मांडवीवरचा १९७०चा पूल ५ जुलै १९८६ला पडला. सोळा वर्षांत.

आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे डांबराचा थर आणि कठड्याला काळे-पिवळे पट्टे. डांबरावर डांबर चढवलं की पुलावर फुकटचं वजन वाढतं, बाकी काही नाही. खरी दुरुस्ती खालून सुरू होते. हातोडीनं ठोकून बघायचं, पोकळ वाजलं तिथलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढायचं. गंज घासायचा, सळई फार झिजली असेल तर नवी जोडायची, मग मायक्रोकाँक्रीट भरायचं. भेगांत दाबानं इपॉक्सी. जॅक लावून वरचा गाळा उचलायचा नि बेअरिंग बदलायचे. तरी कमी पडलं तर बाहेरून तारा ताणून जोर द्यायचा. तोवर जड गाड्या बंद. जुवारीच्या १९८३च्या पुलावर अशी बंदी घालावीच लागली. शेजारचा नवा पूल डिसेंबर २०२२ला सुरू झाला.

आता तुमचं काम. केंद्र, हे राज्य की ते राज्य, पूल कुणाचा ते आधी लेखी विचारा. माहिती अधिकारात तीन प्रश्न: शेवटची तपासणी कधी झाली, अहवाल कुठे आहे, वजनाची मर्यादा किती? अर्ज इथं हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागेल. द्या की, भांडायला दुसरे विषय आहेत. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, त्याच जागेवरून पुलाच्या खालच्या बाजूचा फोटो काढा, तारखेसकट. पाण्यात उतरू नका.

अर्जाचा नमुना हवाय त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडून घ्या.