चाकांवरचे बिऱ्हाड

'घर' आणि 'बिऱ्हाड' असे दोन निरनिराळे शब्द मराठीत आहेत, ही आपल्या भाषेने करून ठेवलेली मोठी सोय आहे. नोकरीच्या गावी आपण थाटतो ते बिऱ्हाड. घर असते ते मागे, आपल्या माणसांपाशी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे आपण म्हणतो. विंचवाचे घर पाठीवर असे कोणी म्हणत नाही. गेली चार वर्षे मी नोकरीनिमित्त जयपुरात आहे आणि माझे कुटुंब पुण्यास आहे. तेव्हा या दोन शब्दांतील अंतर आपल्याला पुरते उमगले आहे, अशी माझी समजूत होती. ती किती अपुरी होती, हे मला रेल्वेच्या एका जुन्या डब्यात कळले.

पाश्चात्त्य देशांत मोटारीवरच घर बांधण्याची चाल आहे. निजण्याची फळी, लहानशी चूल, पाण्याची टाकी, सारे त्या मोटारीत असते. बहुतेक लोक ती सुटीच्या प्रवासासाठी घेतात. पण काहीजण आठवड्याचे पाच दिवस कामाच्या गावी तिच्यातच काढतात आणि शनिवारी घर गाठतात. ऐकणाऱ्याला यात मोठी मौज वाटते. आपल्याकडे मात्र चाकांवरचे बिऱ्हाड ही मौजेची गोष्ट कधीच नव्हती.

जयपुरात रस्त्याच्या कडेला गाडिया लोहारांच्या बैलगाड्या अजून दिसतात. गाडीच्या लाकडावर नक्षी आणि पितळेची फुले, शेजारी भाता आणि ऐरण. नवरा तापलेले लोखंड धरतो आणि बायको घण मारते. चिमटे, तवे, खुरपी ही त्यांची विक्री. 1568 साली चितोड पडले, तेव्हा या लोकांच्या पूर्वजांनी म्हणे शपथ घेतली, की गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहणार नाही, खाटेवर निजणार नाही आणि रात्री दिवा लावणार नाही. 1955 च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी स्वतः पुढे होऊन त्यांना चितोडगडात नेले आणि शपथ पुरी झाल्याचे जाहीर केले. तरी कित्येक कुटुंबांच्या गाड्या रस्त्यावरच राहिल्या. शपथ सोडवणे एका दिवसाचे काम. घर उभे करणे तसे नाही.

या मुलखाने मराठी माणसाचेही फिरते बिऱ्हाड पाहिले आहे. 1809 साली दौलतराव शिंद्यांची छावणी जयपूर राज्यातून फिरत होती. तिच्याबरोबर असलेल्या ब्रौटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या वर्षीची पत्रे पुढे 1813 मध्ये पुस्तकरूपाने छापली. बिनीवाले पुढे जाऊन जागा हेरीत, निशाण रोवीत, आणि मग सरदारांचे तंबू व बाजाराची दुकाने ठरल्या क्रमाने उभी राहत. मुक्काम रोज नवा असला, तरी शेजार जुनाच असे. पुढच्याच वर्षी ही छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिथे जे शहर वसले, त्याचे नावच 'लष्कर' पडले. पण लोहाराची गाडी काय किंवा शिंद्यांची छावणी काय, तिथे बायकामुले बरोबर होती. बिऱ्हाड फिरे, आणि घरही त्याच्यासंगे फिरे.

मी ज्या डब्याविषयी सांगणार आहे, तिथे असे नाही. रेल्वेचे रूळ ज्या आडव्या स्लीपरांवर बसवलेले असतात, त्यांच्याखालची खडी गाड्यांच्या भाराने सैल होते. ती पुन्हा ठोकून बसवणारी मोठी यंत्रे लोहमार्गावरूनच चालतात. त्यांच्यावर काम करणारी माणसे आज या स्थानकावर, तर काही दिवसांनी पन्नास मैल पुढे. त्यांच्यासाठी प्रवासी वाहतुकीतून काढलेला डबा राहण्याजोगा करून यंत्राच्या मागोमाग नेतात. बाके काढून बिछाने, एका टोकाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या टोकाला न्हाणीघर. याला कॅम्प कोच म्हणतात.

माझ्याकडे कर्मचाऱ्यांच्या अर्जांचे काम असते. अशा एका डब्यातील यंत्रचालकाचा अर्ज माझ्यापुढे आला. वृद्ध आई आजारी आहे, मुले लहान आहेत, तरी घराजवळ बदली मिळावी, एवढाच मजकूर. त्याच्या जागी देण्याजोगा प्रशिक्षित माणूस नव्हता. मी शेरा मारला : 'कर्मचाऱ्यास कामाच्या ठिकाणी निवासाची योग्य सोय उपलब्ध आहे.' वाक्य खरे होते. नियमाला धरून होते. परंतु अर्जदाराने निवासाविषयी अवाक्षरही लिहिले नव्हते, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

पुढे वैशाखात दुसऱ्याच एका कामासाठी मला सोमवार ते शुक्रवार त्या डब्यात राहण्याचा योग आला. डबा सांभरच्या बाजूला एका लहान स्थानकाच्या बगलेच्या मार्गावर उभा होता. दिवसा पत्रा असा तापे, की हात ठेववत नसे. रात्री मात्र मिठाच्या सरोवरावरून वारा येई. गाड्यांची वाहतूक काही तास थांबवून मार्ग मोकळा मिळाला, की यंत्र निघे. तो कधी दुपारी मिळे, कधी मध्यरात्री. जेवणाची वेळ त्यावर ठरे आणि झोपेचीही. डब्यात प्रत्येकाची खुंटी ठरलेली होती. दुसऱ्याच्या खुंटीवर कोणी पंचा टाकीत नसे. बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी यांत काही उणे नव्हते. सहा माणसे एका सांडशीवरून कुरबुर न करता राहत होती. अनेक एकत्र कुटुंबांना हे साधत नाही.

पण संध्याकाळी फोन सुरू होत, आणि मग डब्यात दुसरेच जग उतरे. एकजण मुलाला गणित सांगत होता. मुलगा कंटाळला आणि त्याने फोन आजीकडे दिला. एकजण बायकोला विजेचे बिल कोणत्या कप्प्यात आहे ते सांगत होता. माझा अर्जदार आईला डोळ्यांत औषध कसे घालावे ते समजावीत होता. थेंब घालणारी त्याची थोरली मुलगी होती; वय वर्षे अकरा.

त्या रात्री मी त्याला विचारले, "इथे काही गैरसोय होते का?" तो विनयाने म्हणाला, "नाही साहेब. डब्यात काहीच कमी नाही. कमी पडते ते घरी."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला उत्तर सुचेना. आम्ही अधिकारी बाहेर पडलेल्या माणसाची मोजदाद करतो. त्याला पंखा आहे का, पाणी आहे का, भत्ता मिळतो का. त्याच्यामागे जे घर उघडे राहते, त्याच्यासाठी नमुन्यात रकाना नसतो. अकरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर पडलेले काम कोणत्याही हजेरीपटावर चढत नाही.

शुक्रवारी जयपुरास परतल्यावर मी तो कागद मागवला. बदली माझ्या हातची नव्हती आणि आजही त्याच्या जागी माणूस मिळालेला नाही, हे सांगितले पाहिजे. मी एवढेच केले, की निवासाचे ते वाक्य काढून टाकले आणि दुसरी शिफारस लिहिली : या माणसांची साठणारी विश्रांती एकत्र द्यावी आणि तिच्या तारखा आधी ठरवून घरी कळवता याव्यात. माणूस केव्हा येणार हे ठाऊक असले, म्हणजे दवाखाना, शाळा, बँक, सारी कामे त्या दिवसांवर नेमता येतात. ही शिफारस मान्य झाली आणि त्याच्या आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया त्या तारखांतच उरकली.

त्या रात्री मी नेहमीप्रमाणे पुण्यास फोन केला. पत्नीने नेहमीप्रमाणे विचारले, "अहो, जेवलात का? सगळे ठीक आहे ना?" मी म्हणालो, "माझी इथे उत्तम सोय आहे." बोलून गेलो आणि थबकलो. चार वर्षे मी घरीदेखील तोच सरकारी शेरा मारीत आलो होतो. वडिलांचे आजारपण, मुलाची दहावी, गळणारी गच्ची, हे सारे तिने एकटीने निभावले. आणि मी मात्र माझ्या सोयीचे वर्तमान रोज कळवीत राहिलो.

म्हणून मी विचारले, "तिकडे काय कमी पडते आहे?" ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सांगते. पण यादी मोठी आहे. वेळ आहे ना?"

वेळ होता. मी कागद आणि पेन्सिल घेऊन बसलो.