चिप गोव्याची, बेडका आपला

क्षयरोगाची तपासणी करणारं ट्रूनॅट यंत्र आता गावाजवळच्या सरकारी दवाखान्यांपर्यंत पोचलं आहे. बेंगळुरूच्या बिगटेकने ते घडवलं, गोव्याच्या मोलबायोने बाजारात आणलं, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) पारखलं आणि 2020 साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. बॅटरीवरही चालतं. छोट्याशा चिपवर तासाभरात क्षयाचे जंतू आहेत का ते कळतं. असतील तर दुसऱ्या चिपवर आणखी तासाभरात कळतं, की ते रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला दाद देतात की नाही. पूर्वी याच उत्तरासाठी जंतू वाढवत आठवडेच्या आठवडे जायचे, आणि तोवर रुग्ण लागू न पडणारं औषध गिळत राहायचा.

एवढ्या जणांचे हात लागले, पण शेवटचा हात तुमचा. माझं मागणं एकच: डबीत थुंकी नको, बेडका द्या.

का, ते शेतातल्या उदाहरणाने सांगते. पऱ्हाटीत कामगंध सापळा लावता ना? रोज आठ पतंग, सलग तीन दिवस सापडले की गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी. ही अळी बीटी कपाशीलाही दाद देईनाशी झाली, हे विदर्भाने सोसलं आहे. आता सापळ्यातला पतंगांना ओढणारा ल्यूर जुना झाला तर? सापळा रिकामा आणि अळी बोंडात! तो रिकामा सापळा पाहून निर्धास्त झालेला शेतकरी आणि नुसती थुंकी देऊन ‘निगेटिव्ह’ कागद घरी नेणारा रुग्ण, दोघांची फसगत सारखीच. सापळा चांगलाच होता हो, ल्यूर आपण बदलला नव्हता.

म्हणून पुन्हा सांगते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर उभे राहा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून काढा. घट्ट, पिवळसर यायला हवं. फेसाळ पाणी नव्हे. प्रयोगशाळेतल्या ताईंनी दुसरी डबी हातात दिली की तुम्ही रागावता. रागावू नका, त्या तुमचंच काम करताहेत.



दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर उद्याच दवाखान्यात जा. आणि बेडका द्या, थुंकी नको.