राळेचा मणी



पिंपळगाव राजा या गावाच्या शिवारात पहिल्या पावसानंतर वखर फिरला, की काळ्या मातीतून गारगोट्या वर येतात. पोरं त्या वेचतात, शेतकरी बांधावर भिरकावतो. असल्याच रेघारेघांच्या दगडाला एकेकाळी रोमनांचं गिऱ्हाईक होतं. पैठणहून तो गाड्या भरभरून भडोच बंदराला जाई, असं पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तकात लिहिलंय.

रोमन माणूस स्वतः मात्र वेडा होता अंबरापायी. अंबर म्हणजे कोट्यवधी वर्षं गाडली जाऊन दगडासारखी झालेली झाडाची राळ. वजनाला हलकी, खाऱ्या पाण्यात तरंगणारी. लोकरीवर घासली की काडी-कस्पट ओढून घेते, म्हणून आपल्याकडे ती तृणमणी. हकिमांच्या पुडीत कहरवा. नीरो बादशहाच्या काळात एक रोमन सरदार थेट बाल्टिक किनाऱ्यापर्यंत गेला आणि इतकं अंबर घेऊन आला, की आखाड्यात श्वापदं अडवायच्या जाळ्यांच्या गाठीसुद्धा अंबराने सजल्या. त्यातला एक खडा 13 रोमन पौंडांचा, म्हणजे चार किलोंच्या वर! हे सांगणारा रोमन लेखक प्लिनी चिडून म्हणतो, अंबराच्या इवल्याशा बाहुलीला धडधाकट जित्या माणसांहून जास्त किंमत पडते.

त्याच प्लिनीने लिहून ठेवलंय, की पो नदीपलीकडच्या बायका गळ्याच्या दुखण्यावर अंबराच्या माळा घालतात, आणि तान्ह्या बाळाला ताईत म्हणून अंबर बांधणं चांगलं. उत्तरेत पुढे व्हायकिंगांनी थॉर नावाच्या देवाचा हातोडासुद्धा अंबरात कोरून गळ्यात घातला. आपण काय केलं? रोमनांच्या समुद्रातलं पोवळं भडोचला उतरवून घेतलं आणि त्याला रक्षक मानलं. बांधावरच्या गारगोटीला तो मान कुठला! मला तर वाटतं, ताईत जितका लांबून येतो तितका तो पावतो, अशी माणसाची जुनी समजूत असावी.

खामगावच्या चांदीच्या बाजारातली, दृष्ट लागू नये म्हणून बाळाला बांधायची काळ्या मण्यांची मनगटी आपल्या ओळखीची. आता मोबाइलवर मागवली की अंबराची माळही घरी येते. दात येताना बाळाला आराम पडतो म्हणून ती विकतात. अमेरिकेत अशी माळ घालून झोपलेल्या एका बाळाला फास बसला, ते दगावलं. 2018 साली तिथल्या सरकारी औषध खात्याने या माळांविरुद्ध इशारा दिला. तेव्हा हौस असेल तर माळ आईने घालावी. बाळाच्या हिरड्यांना स्वच्छ बोट फिरवलेलं पुरतं.