चिमासाहेब महाराज : खटल्याविना शिक्षा भोगलेला छत्रपतिपुत्र



१८५७ चे स्वातंत्र्यसमर म्हटले की मीरत, दिल्ली, कानपूर आणि झाशी ही नावे चटकन ओठांवर येतात. त्या संग्रामाची झळ महाराष्ट्राला लागलीच नाही, असा एक समज शाळकरी पाठ्यपुस्तकांतून रूढ झाला आहे. हा समज ज्या शहराने आपल्या रक्ताने खोटा ठरविला, त्या करवीर नगरीत त्या लढ्याचे आणि त्याची किंमत मोजणाऱ्या एका राजपुत्राचे स्मरण करणे हे आपले कर्तव्यच आहे. तो राजपुत्र म्हणजे छत्रपती शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराजांचे पुत्र चिमासाहेब.

चिमासाहेबांचा जन्म १८३१ चा. १८३८ मध्ये बुवासाहेब निवर्तले आणि चिमासाहेबांचे ज्येष्ठ बंधू शिवाजी ऊर्फ बाबासाहेब अल्पवयातच गादीवर आले. राजा लहान, कारभार दुसऱ्यांच्या हाती आणि त्यावर कंपनी सरकारची करडी नजर, अशी राज्याची अवस्था होती. पुढे कंपनीने दाजी कृष्ण पंडित यांच्याकडे कारभार सोपविला. नव्या व्यवस्थेत गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनी व हक्क यांना हात लागला आणि १८४४ मध्ये सामानगड, भुदरगड, पन्हाळा हे किल्ले पेटून उठले. ते बंड मोडून काढल्यावर इंग्रजांनी या मुलखातील किल्ल्यांची तटबंदी पाडली. चिमासाहेब त्या वेळी तेरा वर्षांचे होते. ज्या गडांच्या बळावर या राज्याने शतकभर मान ताठ ठेवली, ते गड डोळ्यांदेखत निःशस्त्र होताना त्यांनी पाहिले. ज्या घराण्याच्या घोडदळाने एके काळी दिल्लीच्या बादशहाला दख्खनमध्ये जेरीस आणले, त्या घराण्यातील तरुणाच्या वाट्याला सेना उरली नाही. राज्यात लष्कर होते; पण त्याची दोरी कंपनीच्या हाती होती.

अशा स्थितीत १८५७ साल उजाडले. कोल्हापूरच्या छावणीत मुंबई लष्कराची २७ वी देशी पायदळ पलटण होती. धारवाडला २८ वी आणि बेळगावला २९ वी. या तिन्ही पलटणींच्या शिपायांमध्ये गुप्त पत्रव्यवहार चालू होता, हे इंग्रजांना पुढे उमगले. ३१ जुलैच्या रात्री २७ व्या पलटणीतील शिपायांनी रामजी शिरसाट यांच्या नेतृत्वाखाली उठाव केला आणि खजिना लुटला. शहराचे दरवाजे मात्र त्यांना बंद आढळले. काही शिपाई कोकणच्या वाटेने निघून गेले. उरलेल्यांनी शहरालगतच्या पागेचा आश्रय घेतला.

या पागेवर चालून आला तो विल्यम केर हा दक्षिण मराठा अनियमित घोडदळातील तरुण अधिकारी. ऐन पावसाळ्यात साताऱ्याहून दौड मारून तो कोल्हापुरास पोहोचला आणि पायउतार झालेल्या मोजक्या स्वारांसह पागेचा दरवाजा फोडून आत शिरला. आतील शिपायांनी निकराने झुंज दिली. बहुतेक धारातीर्थी पडले, उरलेले जखमी वा कैद झाले. या पराक्रमाबद्दल केरला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शत्रूचे शौर्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या पाठोपाठ त्या दरवाजातून शिरलेले स्वार याच देशाचे पुत्र होते आणि हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची मुभाच १९११ पर्यंत नव्हती. त्या दिवशी पागेच्या भिंतीच्या आत आपली माणसे होती आणि बाहेरही आपलीच होती. पारतंत्र्याचे यापरते विदारक चित्र कोणते?

यातील आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. व्हिक्टोरिया क्रॉसच्या अनेक सूच्यांत या पराक्रमाची तारीख १० जुलै १८५७ अशी छापलेली आढळते. पलटणीचा उठावच मुळी ३१ जुलैचा! उठावाच्या तीन आठवडे आधी तो मोडला कसा गेला? तेव्हा जेत्याच्या कागदावर छापले आहे एवढ्यावरून ते प्रमाण मानता येत नाही. चिमासाहेबांच्या बाबतीत तर हे भान विशेष ठेवावे लागते.

कर्नल जॉर्ज ली ग्रँड जेकब याने ऑगस्टमध्ये कोल्हापूरची सूत्रे हाती घेतली, पलटणीला निःशस्त्र केले आणि पकडलेल्या शिपायांना मृत्युदंड दिला. तरीही शहर शांत झाले नाही. ५ डिसेंबरच्या रात्री करवीरवासीयांनी शहराचे दरवाजे आतून बंद करून घेतले. हा उठाव आता छावणीतल्या शिपायांचा राहिला नव्हता. तो नगरीचाच होता. जेकबने दरवाजा फोडून शहरात प्रवेश केला आणि अनेकांना तत्काळ देहदंड दिला. या साऱ्यामागची प्रेरणा चिमासाहेबांची आहे, असे त्याचे ठाम मत झाले.

पुढे १८७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींच्या ग्रंथात जेकबने दोन्ही बंधूंच्या स्वभावातील अंतर नोंदविले आहे. बाबासाहेब इंग्रजांशी सलोखा राखून राहिले. चिमासाहेब मात्र स्वाभिमानी आणि लोकांच्या मनात घर केलेले. बाबासाहेबांना दोष देणे सोपे आहे. परंतु सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्याचे त्यांनी पाहिले होते. करवीरची गादी राखणे हीदेखील एक जबाबदारी होती.

चिमासाहेबांवर रीतसर खटला चालला नाही. आरोपपत्र नाही, साक्षीपुरावा नाही, बचावाची संधी नाही. १८५८ मध्ये राजकैदी म्हणून त्यांची रवानगी कराचीला झाली. सातारचे रंगो बापूजी भूमिगत झाले आणि त्यांचे पुत्र सीताराम फासावर गेले. नरगुंदचे बाबासाहेब भावे बेळगावात फासावर चढले. चिमासाहेबांना मरण मिळाले नाही. त्यांना मिळाली ती अकरा वर्षांची परक्या भूमीवरील कैद. १८६६ मध्ये बाबासाहेब महाराज निपुत्रिक वारले. करवीरची गादी त्यांच्या बहिणीच्या दत्तक घेतलेल्या पुत्राकडे, राजाराम महाराजांकडे गेली. त्या वेळी रक्ताचा भाऊ कराचीत जिवंत होता! १८६९ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. पंचगंगेचे पाणी पुन्हा त्यांच्या दृष्टीस पडले नाही.

आज कोल्हापुरात चिमासाहेबांच्या नावाचा चौक आहे. तेथून रोज जाणाऱ्या किती जणांना हे नाव कोणाचे, हे सांगता येईल? त्यांचे चरित्र रंगविण्यासाठी कल्पित लढाया रचण्याची गरज नाही. तसे करणे त्यांच्या स्मृतीचा अवमानच ठरेल. जे घडले तेच पुरेसे तेजस्वी आहे. मात्र आजवर ते बहुतांशी जेकबच्या चष्म्यातून वाचले गेले. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी कागदपत्रांचे प्रचंड भांडार आहे. मोडी जाणणारे तरुण पुढे आले, तर आपल्याच माणसांच्या शब्दांत तो काळ पुन्हा बोलू लागेल. ज्या पुरुषाला न्यायासनासमोर आपली बाजू मांडू दिली गेली नाही, त्याची बाजू निदान इतिहासाच्या दरबारात तरी मांडली जावी. चिमासाहेब महाराजांचे ते ऋण करवीर नगरीवर अद्याप बाकी आहे.