जुना ऑर्गन आणि कारागिराचा हात
(सोनारी येथील ज्युबिली महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव समितीपुढे एक प्रश्न आलेला आहे. मंदिरातील जुना, मुका झालेला ऑर्गन विकून टाकावा व त्याजागी विजेवर चालणारे वाद्य घ्यावे, अशी सूचना आहे. निर्णय आपण सर्वांनीच करावयाचा आहे. परंतु घरातील वडीलधाऱ्यास निरोप देण्यापूर्वी त्याचे कुळ तरी जाणून घ्यावे, म्हणून हे चार शब्द.

ऑर्गन म्हटला की मोठ्या कॅथेड्रलची भिंत व्यापणारे वाद्य डोळ्यांपुढे येते. परंतु अठराव्या शतकात युरोपात दिवाणखान्यात मावणारे लहान ऑर्गनही होत असत. स्वित्झर्लंडात १७१० साली जन्मलेला व लंडनमध्ये स्थायिक झालेला जॉन स्नेट्झलर हा या कामी विख्यात होता. लाकडी नळीचे तोंड वरून बंद केले म्हणजे ती तेवढ्याच लांबीच्या उघड्या नळीपेक्षा सुमारे एक सप्तक खाली बोलते. या युक्तीमुळे गंभीर स्वर थोड्या जागेत बसे. बाहेरून पाहावे तर महोगनीचे सुबक कपाट! दर्शनी भागी सोनेरी नळ्यांची रांग. पुष्कळदा त्या केवळ शोभेच्या, लाकडाच्या व मुक्या असत.

आपल्या देशासही हे वाद्य परके नाही. अकबराने १५७५ मध्ये हाजी हबीबुल्ला यास गोव्यास पाठविले होते. त्याने आणलेल्या ऑर्गनचे वर्णन इतिहासकार बदायुनीने मनुष्याएवढी पेटी असे केले आहे. पुढे १५९५ च्या सुमारास निजामीच्या 'खम्सा'च्या एका हस्तलिखितासाठी मधू खानाजाद या चित्रकाराने ऑर्गन वाजविणारा प्लेटो रंगविला. भोवती पशू भान हरपून पडले आहेत आणि ऑर्गनच्या फळ्यांवर फिरंगी धर्तीची चित्रे आहेत. ते हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

फिलिपाईन्समधील लास पिन्यास येथील कथा तर आपणास अधिक जवळची वाटेल. तेथील धर्मगुरू फादर दिएगो सेरा यांनी १८१६ मध्ये ऑर्गन बांधावयास घेतला. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. कीड लागू नये म्हणून बांबू समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेविले होते. १८२४ मध्ये काम पुरे झाले व तो ऑर्गन आजही वाजतो. परदेशातून साहित्य येण्याची वाट न पाहता जवळ होते त्यातूनच त्यांनी स्वर काढिला.

आपल्या ऑर्गनात नळ्या नाहीत. पितळी पट्ट्या आहेत. पायाने भाता चालविला म्हणजे हवा त्या पट्ट्यांना कंप देते. बालगंधर्वांच्या काळी मराठी संगीत रंगभूमीवर साथीस असे तो याच जातीचा. त्याची कोरीव वेलबुट्टी, दिवा ठेवावयाची दोन फळकुटे, सुरांच्या खुंट्यांवरील अक्षरे, हे सारे नीट पाहा. कोणी तरी वरून तैलरंग फासला आहे, पण खालचे कोरीवकाम शाबूत आहे. भात्याचे चामडे फाटले आहे व पट्ट्यांत धूळ बसली आहे. हे दुखणे प्राणघातक नव्हे. चामडे बदलता येते, पट्ट्या एकेक काढून स्वच्छ करता येतात. वाळवी मात्र वाट पाहात नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत नळीच्या ऑर्गनास मोठा मान दिला, तसाच इतर योग्य वाद्यांनाही वाव दिला. तेव्हा नवे वाद्य अवश्य घ्यावे. माझा त्यास विरोध नाही. फक्त जुने विकून नव्हे. ज्या अज्ञात सुताराने ही पाने-फुले कोरली, त्याने देवाच्या सेवेस हात दिला होता. त्याचे नाव आपणास ठाऊक नाही. त्याची स्वाक्षरी म्हणजे हे लाकूडच.

माझी विनंती एवढीच. या पावसाळ्यापूर्वी ऑर्गन भिंतीपासून हातभर दूर घ्यावा, जाणत्या कारागिरास दाखवावा, आणि आपल्या तरुणांपैकी दोघांनी त्याच्याजवळ बसून ते काम शिकून घ्यावे. वाद्य दुरुस्त होईल ते होईलच. पण दोन हात शिकले, तर या महोत्सवाची ती खरी मिळकत ठरेल.